बरणीतली नावं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे माझा जन्म व्हायचा होता, पण हजर होतो. पमे, हसू नकोस, नाहीतर सांगणार नाही.

एक होता राजा. राजा कसला, आपल्या सरपंचापेक्षा चार म्हशी जास्त, एवढंच. त्याच्याकडे सून आली. तिचं नाव भिवरा.

लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, पाहिलंय ना? त्या घरात त्याच्याआधी आणखी एक व्हायचं, बरं का. सासू मुलीला माजघरात न्यायची. तांदळावर बोटानं तिचं जुनं नाव लिहायची, ते तांदूळ एका बरणीत ओतायची आणि वर फडकं बांधायची. झालं! नाव गेलं, नावाबरोबर माहेर गेलं. आईचा चेहरासुद्धा आठवायचा नाही. पुरुषांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, सून किती पटकन रुळली!

मग भिवराची झाली विजयमाला.

दिवाळीला तिची आई करंज्या घेऊन आली. दारातून हाक मारली, "भिवरे, अगं ए भिवरे!"

विजयमाला बाहेर आली. म्हणाली, "कोण हवंय बाई? इथं या नावाचं कुणी नाही."

 आई करंज्या उंबऱ्यावर ठेवून गेली.

मग सुनेला दिवस गेले. आई हिरवी चोळी घेऊन आली. हाक तीच, उत्तर तेच. चोळीही उंबऱ्यावर राहिली.

तिसऱ्यांदा आई काठी टेकत आली, रिकाम्या हातानं. हाक मारायला दम नव्हता. सूनच म्हणाली, "मावशी, पुन्हा तुम्ही? का हेलपाटे घालता?"

"भेटली तर सांग हो," आई म्हणाली, "आई येऊन गेली म्हणावं."

त्या दिवशी सुनेला जेवण गेलं नाही. का, ते तिलाच कळेना.

मग वर्षं गेली. सासू अंथरुणाला खिळली. तिनं सुनेला जवळ बोलावलं, बरणी दिली, सगळं सांगितलं. "आता ही तुझ्याकडे. तुझी सून आली की तिचं नाव यात घाल. मुलींना मात्र कळू देऊ नकोस, लग्नाला उभ्या राहायच्या नाहीत."

"आणि माझं नाव, सासूबाई?"

"आहे की त्यातच. माझंही आहे."

"तुम्ही काढलं नाहीत?"

"काढून काय करू? त्या नावानं हाक मारणारं कोण उरलं होतं?" एवढं बोलून म्हातारी गेली.

सुनेनं फडकं सोडलं. आत सात पिढ्यांचे तांदूळ. ते कुजबुजायला लागले. साळू, गजरा, भिवरा, ठकी, चंद्रा... तिनं एकेक नाव स्वतःला लावून पाहिलं. प्रत्येक थोडं थोडं तिचं वाटे. पुरतं एकही नाही.

तेवढ्यात दारातून हाक आली, "भिवरे!" आई! चौथ्यांदा आली होती! सून धावली, आईच्या गळ्यात पडली. मग तिनं बरणी आपटून फोडली. सगळी नावं चिमण्यांसारखी भुर्रकन आपापल्या माहेरी गेली. पुढच्या सुना आपापल्या नावांनी नांदल्या, सगळे सुखात राहिले. चला, पांघरुणं ओढा, डोळे मिटा.

काय गं पमे? झोप की. यातलं खोटं काय म्हणतेस?

बरं, सांगतो. बरणी खोटी नाही. चौथ्यांदा आलेली आई खोटी. ती मी घातली. आई तीनदाच आली होती.

मग सुनेनं काय केलं? फडकं परत बांधलं. मुलाचं लग्न ठरलं होतं, तांदूळ निवडायला बसली.