शिसं गळालेला दांडू

झाडं आणि अवजारं आपसात सुखदुःखं बोलत, त्या काळची गोष्ट. खैराच्या लाकडाचा एक दांडू होता, खैऱ्या. त्याने टोला हाणला की विटी चिंचेच्या शेंड्यावरून पार जायची आणि खेळगडी आ वासून बघत राहायचे. "पोटात शिसं ओतलंय मेल्याच्या," असंही गावभर बोललं जाई. ते खरंच होतं. तो कोरा होता तेव्हाच सुताराने ते ओतलं होतं.

म्हातारपणी खैऱ्याला चीर गेली आणि एके दुपारी शिशाची कांडी तिच्यातून निसटून खाली पडली. ते फक्त विटीने पाहिलं.

"आजोबा, आता खेळू नका," ती म्हणाली. "खुंटीला लटकून राहा. नाव तरी राहील."

"ते नाव शिशाचं, पोरी. त्यात माझं किती होतं, ते मलाच ठाऊक नाही."

संध्याकाळी डाव रंगला. टोला बसताच खैऱ्याच्या अंगभर कळ गेली. विटी उंच उठली, उन्हात चमकली आणि चिंचेच्या अलीकडेच पडली. खेळगडी हसले.

आता रीतीप्रमाणे टोल्याचं अंतर त्याच दांडूने मोजायचं होतं. खैऱ्या मातीवर आडवा पडत, उचलला जात, पुन्हा आडवा पडत निघाला. निम्मी वाट सरली तरी विटी लांबच दिसत होती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "एवढं माझं होतं?"