कांडपाचा ठोका

फार पूर्वी, माणसंही गुरांसारखी बाजारात विकली जात, तेव्हाची ही गोष्ट. एका सरदाराच्या घरी विकत आणलेल्या बायका भात कांडायच्या. एका उखळाभोवती तिघी. मुसळं पाळीपाळीनं पडायची. एकीनं घाई केली की मुसळावर मुसळ आदळे. म्हणून सर्वांत जुनी दासी ठोका धरी आणि अंगणातली सगळी उखळं त्याच ठोक्यावर चालत.

ती मुद्दामच संथ ठोका धरायची. मारायला कारण मिळू नये इतपत भात कांडून व्हायचा, आणि बायका जिवंत राहायच्या.

एक दिवस मालकीण म्हणाली, "काय गं, मुसळ म्हातारं झालं की तू?"

"दोघंही, बाईसाहेब. त्याला तरी तुम्ही नवं लोखंडी कडं बसवता."

मालकीण हसली नाही. जवळ येऊन म्हणाली, "घरात लग्न आहे. ठोका दुप्पट कर. कोठार भरलं की तू मोकळी. जा आपल्या गावाला."

गावाला! म्हातारीचे खांदे कधीच कामातून गेले होते. लहानपणी पळवून आणल्यापासून तिनं गाव पाहिलं नव्हतं. तिनं मुसळ घट्ट धरलं आणि ठोका वाढवला. अंगण दणाणू लागलं.

थोड्याच वेळात तिच्याच उखळावरची गरोदर पोर धापा टाकायला लागली. "आक्का, जरा हळू गं."

"थोडं सोस, बाई. कोठार भरलं की मी सुटेन."

"तू सुटशील. आणि हा ठोका? तो इथंच राहील ना?"

म्हातारीचं मुसळ हवेतच थांबलं. मग ते खाली आलं, पण पूर्वीसारखंच सावकाश.

मालकिणीनं तिला बाजूला ढकलून दुसरीला ठोका धरायला लावला. तिनंही तोच संथ ठोका धरला. मग तिसरीनंही. चाबूक वाजला, पाठी फुटल्या. जी ती एवढंच म्हणे, "आम्हाला हाच जमतो, बाईसाहेब."

सगळ्यांनाच विकून टाकावं, तर लग्नाचा तांदूळ कोण कांडणार? मालकीण चरफडत आत निघून गेली.

पोर सुखरूप बाळंत झाली. म्हातारी मात्र त्याच अंगणात दमून दमून मेली. गाव तिला दिसलंच नाही. पण तिथं पुन्हा कुणी ठोका वाढवायला सांगितलं नाही.

तात्पर्य: जुलमी माणूस एकाला दार उघडून देतो, ते उरलेल्यांची कडी घट्ट करण्यासाठी. थकलेल्या हातांनी मिळून धरलेला संथपणा हेही बंडच असतं.