टिटवीची करवंदे

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक टिटवी राहत असे. तिला झाड नको, ढोली नको. उघड्या माळावर चार खडे जमवले की झाले तिचे घर. पण तळ्याकडे जाणारे सगळे प्राणी, मुलांनो, त्याच माळावरून जात. ससे एकीकडून धावत, पिसोरी हरणे दुसरीकडून, रानडुकराची पिल्ले मन मानेल तिकडून. मागच्या उन्हाळ्यात टिटवीची चारही अंडी त्यांच्या पायांखाली फुटली. फार रडली बिचारी. यंदा पुन्हा चार अंडी घातल्यावर मात्र तिने कंबर कसली आणि थेट हत्तीण गाठली.

"आजी, तू रोज माळाच्या कडेच्या एकाच पायवाटेने तळ्यावर जातेस. या सगळ्यांना पाठीवर घेशील?"

"मला काय जड आहे? पण ते बसतील का?" हत्तीण म्हणाली.

बसले नाहीत. "तिची वाट बघत कोण उभं राहणार?" म्हणून ससा पळाला. तेव्हा टिटवीने जाहीर केले, की पाठीवर चढेल त्याला दर खेपेला एक करवंद. मग काय विचारता, दुसऱ्या दिवशी नुसती झुंबड! पण सगळ्यांत पुढे माकडे. त्यांना तळ्याशी काही देणेघेणे नव्हते. चढायचे, करवंद मटकवायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. सशांना जागाच उरेना. ते पुन्हा माळावरून धावले आणि एक अंडे फुटले.

टिटवीला भडभडून आले, पण ती हटली नाही. चूक माकडांची नव्हे, आपल्या नियमाची, हे तिने ओळखले. आपल्या जोडीदाराला अंड्यांवर बसवून ती करवंदे घेऊन तळ्याकाठी गेली. "हत्तिणीवरून येऊन माझ्यासमोर पोटभर पाणी पिईल, त्यालाच मिळेल," ती म्हणाली. माकडांनी तीन खेपा मारल्या. चौथ्या खेपेला पोटे टम्म फुगली, तशी माकडे मुकाट्याने झाडावर परतली. सशांना जागा मिळाली आणि माळ शांत झाला.

पुढे करवंदे संपली. पिल्ले अजून अंड्यांतच होती. टिटवी धास्तावून पहाटेच पायवाटेवर येऊन बसली. पाहते तर ससा हत्तिणीच्या पाठीवर चढतो आहे.

"आज करवंद नाही, ठाऊक आहे ना?" तिने विचारले.

"ठाऊक आहे. पण इथे पायांत काटे मोडत नाहीत, आणि गप्पाही होतात. जरा सरकून घ्या रे, पिसोरीला बसू द्या," ससा म्हणाला.

त्याच आठवड्यात माळावर तीन पिल्ले तुरुतुरु धावू लागली.

तात्पर्य : चांगली सवय बक्षिसाचे बोट धरून चालायला शिकते, पण ते बक्षीस नेमके कशासाठी, हे देणाऱ्याने आधी ठरवावे.