वाळलेलं झेंडूचं फूल

गेमिंग कंपनीचे साहेब मीटिंगमध्ये गरजले, "घरी मोठा कन्सोल असला तरी खरा गेमर खिशात मावणारा दुसरा घेतोच. आपल्याच माणसांनी घेतला नाही, तर गिऱ्हाईक कशाला घेईल?" मग त्यांनी गेम तपासणाऱ्या मृण्मयीला उभं केलं. "तू का नाही घेतलास?"

"सर, गेल्या दसऱ्याला घरच्या कन्सोलची पूजा केली. तेव्हा वाहिलेलं झेंडूचं फूल अजून त्याच्यावरच वाळतंय. खेळायला रविवार लागतो आणि रविवारी तुम्ही इथे बोलावता."

साहेब हसले. "म्हणून तर दुसरा! येता-जाता खेळायचं."

"येता-जाता मी झोपते, सर. तरी घेते. फक्त येत्या दसऱ्याला सुट्टी द्या, नाहीतर त्या नव्याच्या नशिबी फूलसुद्धा नाही."