मधोमध ठेवलेली ढाल

“दोन्हीकडून अंतर सारखंच होतं, तर मग माझाच भाऊ का मेला?”

एका धाकट्या भावाने हा प्रश्न दोन वाड्यांतल्या प्रत्येक माणसाला विचारला. कुणी मान खाली घातली, कुणी उगाच गुरांना हाक मारली.

फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी.

एका डोंगरउतारावर दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. दोघींना मिळून गायरान एकच. त्यापायी पूर्वी डोकी फुटायची. मग जाणत्यांनी ठरवलं, भांडायचं ते वर्षातून एकदाच आणि चिखलाच्या गोळ्यांनी. ज्याला गोळा लागेल त्याने खाली बसायचं. शेवटी ज्या वाडीचा गडी उभा राहील, तिची गुरं वर्षभर गायरानात चरतील.

मैदान म्हणजे दोन वाड्यांमधला उतारच. त्यात एका दगडावर लाकडी ढाल ठेवलेली असे. डफ वाजला की दोन्हीकडचे गडी तिच्याकडे धावत. ढाल ज्याच्या हाती, त्याच्यामागे पाचजण लपत. दगड अगदी मधोमध होता. तरी ढाल दरवर्षी वरच्या वाडीलाच मिळे.

मागच्या खेळात खालच्या वाडीतल्या या धाकट्याचा थोरला भाऊ ढालीसाठी जीव तोडून धावला. दगड वीस पावलांवर असताना तो पडला, तो पुन्हा उठलाच नाही.

तेरावं झालं आणि धाकटा पहार घेऊन दगड फोडायला निघाला. डफ वाजवणाऱ्या म्हातारीने त्याची वाट अडवली.

“फोड बाबा. उद्या दुसरा आणतील, इथंच ठेवतील. मग तोही फोडशील?”

“मग करू काय?”

“भाऊ धावला त्याच वाटेने धावून बघ. मी डफ वाजवते, तू ठोके मोज.”

“मला पन्नासच्या पुढे मोजता येत नाही.”

“मी मोजते. तू धाव.”

खालून दगडापर्यंत नव्वद ठोके लागले. वरून साठ.

धाकट्याने दोन्ही वाड्या मैदानात बोलावल्या. वरच्या वाडीचे पाटील म्हणाले, “दोरी टाकून बघ. बोटभर फरक निघाला तर मिशी उतरवीन.”

“दोरीला कुठे दम लागतो, पाटील?”

“तुमचे गडीच सुस्त रे! ताक जरा कमी पाजा त्यांना!”

वरची वाडी खदखदून हसली. धाकट्याची मूठ पहारीवर आवळली. मग त्याने पहार खाली टाकली.

“सारखंच आहे ना? मग यंदा तुम्ही खालून धावा.”

हसू थांबलं. पाटील मिशीवरून हात फिरवत राहिले.

तेव्हा वरच्या वाडीचा सगळ्यात चपळ गडी उठला. सहा वर्षं ढाल त्यानेच उचलली होती. “मी दाखवतो धावून,” म्हणत तो खाली गेला. डफ वाजला. ऐंशी ठोके झाले तेव्हा, थोरला जिथे पडला होता तिथेच, तो छाती धरून मटकन बसला.

“पाटील,” तो म्हणाला, “दगड हलवा.”

हलवायचा कुठे, यावर नवा वाद पेटला. कुणी म्हणालं, ढालच काढून टाका. कुणी म्हणालं, दोन ढाली ठेवा.

“म्हणजे दोघंही ढालीमागे बसणार आणि मी दिवसभर डफ बडवणार!” म्हातारी म्हणाली.

खालची वाडी ओरडली, “दगड आपल्या वेशीशी आणा! इतकी वर्षं त्यांनी खाल्लं, आता आपण!”

धाकट्याच्याही मनात तेच होतं. भावाची राख अजून निवली नव्हती. पण तो म्हणाला, “दगड मी ठेवणार. कुठून खेळायचं ते वरच्या वाडीने निवडायचं.”

“वेड लागलं का तुला?”

“आपल्याजवळ ठेवला तर ते आपलीच बाजू मागतील. त्यांच्याजवळ ठेवला तर त्यांचीच ठेवतील. मग मी खोटं कसं करणार?”

पाच दिवस तो धावला. एकदा वरून, एकदा खालून. पाय सोलले, तरी थांबला नाही. दोन्हीकडून ठोके सारखे आले तिथे त्याने दगड रोवला, भाऊ पडला त्या जागेच्या बराच खाली.

वरची वाडी दिवसभर बाजू न्याहाळत बसली. कुठली चांगली ते कुणालाच ठरवता येईना. शेवटी पाटलांनी खापरीची एक बाजू ओली करून ती वर उडवली आणि ओली-सुकी केली.

त्या वर्षी दोन हात एकाच वेळी ढालीवर पडले. ऊन कलेपर्यंत खेळ रंगला. खालची वाडी एका गड्याने हरली. पण आपले गडी सुस्त, असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षी ती जिंकली, आणि त्या ढालीपायी पुन्हा कुणाच्या घरी रडारड झाली नाही.

हरलेल्या दिवशी सगळे घरी गेल्यावर धाकटा एकटा वर चढला. दगडाचा जुना खड्डा तिथे तसाच होता. त्याने टोपल्या भरभरून माती आणली, खड्डा भरला आणि पायांनी घट्ट तुडवला, म्हणजे दगडाची जुनी जागा पुन्हा कुणाला सापडणार नाही.

बोध एवढाच: जो नियम आपल्याला सारखा वाटतो, तो समोरच्याच्या जागेवरून एकदा धावून बघावा.