टिचकी उंदरी आणि पालथी नाव

तळ्याकाठी होतं गवत. गवतात होतं घरटं. घरट्यात राहायची टिचकी उंदरी. तिची पिल्लं तीन. गुलाबी गुलाबी. डोळे अजून मिटलेले.

थंडीचे दिवस. एक म्हैस पाण्यावर आली. धप्प धप्प. धप्प धप्प. तिनं खाली पाहिलंच नाही. घरट्यावर पाय पडला. घरटं चपटं झालं.

पिल्लं वाचली. छप्पर गेलं.

वर आभाळात घार. घिर घिर घिर.

टिचकीनं पिल्लांवर एक पान ओढलं. पान छोटं. पिल्लं तीन.

काठाशी पाण्यात एक नाव होती. छोटीशी. ॲल्युमिनियमची. ती रेवतामावशीची. मावशी नावेत बसून तळ्यातले शिंगाडे काढायची. शिंगाडे काढून झाले, की नाव काठावर आणायची. पालथी घालायची. थंडीभर नाव तशीच झोपायची.

यंदा शिंगाडे काढून झाले. नाव अजून पाण्यातच.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

“नावताई नावताई, पालथी हो.
पिल्लांना छप्पर मिळेना.
वर घार फिरते.”

नाव डुलली. डुबुक डुबुक.

“माझ्यात पाणी साचलंय. मी जड झालेय. दोर ओढेल, तर मी येईन.”

दोर खुंट्याला बांधलेला. टिचकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

“दोरबा दोरबा, नाव ओढ.
नाव पालथी होईना.
पिल्लांना छप्पर मिळेना.
वर घार फिरते.”

दोर म्हणाला, “मी एकटा कसा ओढू? मावशी धरेल, तर मी ओढेन.”

घार एक गिरकी खाली आली. घिर घिर घिर.

मावशी झोपडीपुढं चुलीपाशी बसलेली. डोळ्यांत धूर. टिचकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

“मावशी मावशी, दोर धर.
दोर नाव ओढेना.
नाव पालथी होईना.
पिल्लांना छप्पर मिळेना.
वर घार फिरते.”

मावशी म्हणाली, “चुलीवर शिंगाडे हायेत बाई. सोडून कशी येऊ? शिंगाडे उकडू दे. मंग मी येतो.”

टिचकी भगुल्याच्या काठावर चढली. आत शिंगाडे. काळे काळे. थंडगार पाण्यात बसलेले.

“शिंगाड्यांनो शिंगाड्यांनो, उकडा ना.
मावशी दोर धरेना.
दोर नाव ओढेना.
नाव पालथी होईना.
पिल्लांना छप्पर मिळेना.
वर घार फिरते.”

शिंगाडे म्हणाले, “पाणीच तापेना. चूल पेटेल, तर आम्ही उकडू.”

टिचकीनं मागं पाहिलं. घार बाभळीच्या शेंड्यापर्यंत आली होती. पान वाऱ्यानं हललं. एक गुलाबी पाय दिसला.

टिचकी चुलीपाशी उतरली. तुरुतुरु तुरुतुरु. तिला धाप लागली होती.

“चूलबाई चूलबाई, पेट ना.
शिंगाडे उकडेनात.
मावशी दोर धरेना.
दोर नाव ओढेना.
नाव पालथी होईना.
पिल्लांना छप्पर मिळेना.
वर घार फिरते.”

चूल खोकली. खॉक खॉक.

“माझ्या पोटात राख साचली. हवा आत येईना. राख निघेल, तर मी पेटेन.”

राख कोण काढणार? टिचकीनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. विचारायला कुणी उरलंच नव्हतं.

मग टिचकी स्वतःच आत शिरली.

राख गरम. पाय पोळले. नाकात राख. डोळ्यांत राख. टिचकी थांबली नाही. खरर खरर. खरर खरर. राख बाहेर. हवा आत. टिचकी उडी मारून बाहेर.

भक्क.

चूल पेटली.
शिंगाडे उकडले. रटरट रटरट.
मावशी उठली. तिनं दोर धरला.
दोरानं नाव ओढली. कर्र कर्र. कर्र कर्र.
नाव काठावर आली.

मावशीनं नावेचं बूच काढलं. गळगळ गळगळ. पाणी गेलं. नाव हलकी झाली. मावशीनं दोन ओंडके ठेवले. ओंडक्यांवर नाव पालथी घातली. खाली फट राहिली. उंदरीपुरती.

टिचकी धावली. एक पिल्लू तोंडात धरलं. नावेखाली ठेवलं. दुसरं पिल्लू धरलं. नावेखाली ठेवलं.

तिसरं पिल्लू पानाखाली एकटं.

घारीनं पंख मिटले. सूंऽऽऽ.

टिचकीनं पिल्लू उचललं. वळली. पळाली. सावली तिच्या पाठीवर आली. टिचकी फटीत शिरली.

टण्ण.

घारीच्या नख्या नावेवर आपटल्या. नाव हलली नाही. घारीनं पंख झटकले. उडाली. लांब गेली. ठिपका झाली.

आत अंधार. टिचकीनं पिल्लं हुंगली. एक. दोन. तीन.

बाहेर मावशी वाकली. तिच्या हातात सोललेला शिंगाडा. पांढरा. वाफाळता.

“राख तूच काढली ना बाई? मी पाहिलं. हा घे, तुह्या हक्काचा.”

तिनं शिंगाडा फटीतून आत सरकवला.

“आता राह्य इथंच. थंडी सरली, की मंगच नाव काढतो मी.”

टिचकीनं शिंगाडा खाल्ला. पोळलेले पाय चाटले. मग ती पिल्लांभोवती गोल झाली.

तळ्यावर गार वारा. नावेखाली ऊब. चार जीव झोपले.

ओढा पांघरूण. तुम्हीही झोपा.