लियांगरावांचा वेडावाकडा हुकूम

एक होता अंमलदार. राजा नाही हं, राजांच्या गोष्टी तुम्ही रोजच ऐकता. हा लांब चीन देशातल्या एका नदीकाठच्या गावाचा अंमलदार. नाव लियांग. आता एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावानं कशी हाक मारायची? आपण लियांगराव म्हणू.

तर हे लियांगराव सकाळी कचेरीत न्यायनिवाडे करायचे आणि दुपारी कविता लिहायचे. तिकडे अंमलदाराला कविता यावीच लागे, बरं का. आपण सहाणेवर चंदन उगाळतो ना, तशी ते शाई उगाळायचे आणि कुंचल्यानं लिहायचे. अक्षर असं, की बघणारा जेवायचं विसरे. कविता झाली की वेशीवर चिकटवायची. मग लोक वाहवा करायचे, आणि लियांगराव खिडकीआड उभे राहून ऐकायचे. थोडे गर्विष्ठच होते म्हणा ना.

पण तो कुंचला साधा नव्हता. नदीतल्या म्हाताऱ्या कासवानं दिलेला. देताना कासव म्हणालं होतं, "कुठल्याही कुंचल्यानं मुद्दाम वाईट अक्षर काढलंस, तर याचे केस गळतील. मग असं अक्षर पुन्हा तुझ्या हातून उतरायचं नाही." लियांगरावांनी तो जिवापाड जपला.

एकदा काय झालं, तेच कासव कचेरीची पायरी चढून आलं. म्हणालं, "बाळ लियांग, तिसऱ्या दिवशी नदी गावात शिरणार. माणसं टेकडीवर ने."

मग नुसतं ओरडून सांगायचं की नाही? पण तिथली रीतच तशी. हुकूम अंमलदाराच्या हातचा हवा, खाली लाल शिक्का हवा. तोंडी सांगणं कुणी मोजत नसे.

मग लियांगरावांनी सुंदर अक्षरात हुकूम लिहिला आणि वेशीवर लावला. तासाभरानं पाहतात तो कागद गायब. रेशमाच्या व्यापाऱ्यानं तो दिवाणखान्यात टांगायला नेला होता. वाचलासुद्धा नव्हता मेल्यानं!

दुसऱ्या दिवशी आणखी सुंदर लिहिला, आणि शेजारी शिपाई उभा केला. मग लोक जमले. म्हणाले, "हा फराटा पाहा, बगळाच उतरलाय." कुणी विचारलं, लिहिलंय काय? शिपाई म्हणाला, "असेल साहेबांची कविता." आणि सगळे घरी गेले.

खिडकीआड लियांगरावांना त्या दिवशी वाहवा गोड लागली नाही. त्यांना रडू आलं. नदी तर घाटाच्या वरच्या पायरीला लागली होती.

तिसरा दिवस उजाडला. मग त्यांनी कारकुनाचा झिजलेला कुंचला डाव्या हातात धरला. आणि हुकूम लिहिला. अक्षरं अशी, की कोंबडी कागदावरून नाचून गेली असावी. तिकडे कासवाच्या कुंचल्याचे केस एकेक करून गळाले. लियांगरावांनी पाहिलं, आणि शिक्का मारला.

वेशीवर कोळीणबाई लाय थांबली. "अगंबाई, हे कुणी खरडलंय?" म्हणून हसली. मग लोक जमले, तेही हसले. एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले. "नदी येते आहे. आज टेकडीवर चला." हसू थांबलं.

मग कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, कुणी डुकरं हाकली. तो व्यापारीही धावला. दुपारी पाणी आलं आणि गावावरून गेलं. दिवाणखान्यातला तो सुंदर कागद पाण्यात विरघळला. माणूस मात्र एकही गेला नाही.

वाकडा कागद लायनं निघताना कमरेला खोचून घेतला होता. गाव पुन्हा बांधल्यावर तो देवळात लावला.

पुढे राजधानीतून एक बडा अधिकारी आला. नाक मुरडून म्हणाला, "इतकं घाणेरडं अक्षर कुणाचं?"

लियांगराव खिडकीआड गेले नाहीत. सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं."

त्या गावातली पोरंबाळं त्या दिवशी आपापल्या घरी निजली, पोटभर जेवून, कोरड्या अंथरुणात. तुमचंही अंथरूण कोरडं आहे ना? मग मिटा बघू डोळे.